मायकेल डॉनेलन आणि आयर्लंडमधील ‘क्लॅन ना तालवन’ : एका ग्रामीण नेतृत्वाचा राजकीय प्रवास

प्रस्तावना

मराठी वाचकाला आयर्लंडचा परिचय प्रामुख्याने स्वातंत्र्यलढ्याच्या संदर्भात झाला. न. चिं. केळकर यांच्या ‘आयर्लंडचा इतिहास’ या ग्रंथापासून पुढे पार्नेल, होमरूल, सिन फेन आणि डी व्हॅलेरा ही नावे महाराष्ट्रातील राजकीय चर्चेत वारंवार येत राहिली. मात्र स्वातंत्र्य मिळाल्यानंतर त्या देशातील सामान्य शेतकऱ्याचे काय झाले, ज्याच्या जमिनीच्या प्रश्नावर राष्ट्रीय चळवळ उभी राहिली त्याला नव्या राज्यात कोणते स्थान मिळाले, याकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात गॉलवे काउंटीतील शेतकरी नेते मायकेल डॉनेलन (१९००–१९६४) यांच्या राजकीय प्रवासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. डॉनेलन यांनी १९३९ मध्ये ‘क्लॅन ना तालवन’ हा शेतकऱ्यांचा पक्ष स्थापन करण्यात पुढाकार घेतला. या आयरिश नावाचा अर्थ ‘भूमीचे कुटुंब’ असा होतो. पक्ष पंचवीस वर्षांत नामशेष झाला. डॉनेलन मात्र सलग सात सार्वत्रिक निवडणुका जिंकून अखेरच्या दिवसापर्यंत संसदसदस्य राहिले. पक्षाचा ऱ्हास आणि नेत्याचे टिकून राहणे या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. परंतु त्यांची मुळे एकाच परिस्थितीत आहेत, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न आहे.

पश्चिम आयर्लंडमधील जमिनीचा प्रश्न

डॉनेलन यांचा जन्म गॉलवे काउंटीच्या ईशान्य भागातील डनमोर परिसरात झाला. हा भाग कॉनॉट प्रांतात मोडतो. १८४५ ते १८४९ च्या महादुष्काळात सर्वाधिक होरपळलेला हाच प्रांत आणि १८७९ मध्ये जमीनदारांविरुद्धची लँड लीगची चळवळ सुरू झाली तीही येथेच, शेजारच्या मेयो काउंटीत. त्यानंतर ब्रिटिश संसदेने केलेल्या जमीनविषयक कायद्यांनी, विशेषतः १९०३ च्या विंडहॅम कायद्याने, कुळांना सरकारी कर्जातून जमीन विकत घेण्याची सोय झाली. कुळे मालक झाली आणि खंडाऐवजी सरकारला वार्षिक हप्ता भरू लागली. परंतु जमिनीचा तुकडा होता तेवढाच राहिला.

कॉनॉटमधील बहुसंख्य शेते तीस एकरांखालील होती. दख्खनमधील वाचकास तीस एकर हा आकडा मोठा वाटेल. परंतु त्यातील बराच भाग दलदलीचा, खडकाळ किंवा वर्षातील काही महिने पाण्याखाली असे. बटाटा, थोडे ओट, दोनचार गायी, वासरे आणि दलदलीतून कापून वाळविलेली पीटची जळाऊ माती एवढ्यावर कुटुंब चाले. शेतावर एकच मुलगा राहू शके, उरलेल्या भावंडांना अमेरिका किंवा इंग्लंड गाठावे लागे. पूर्वेकडील मीथ, किल्डेअर या काउंट्यांत मात्र शेकडो एकरांची गवताळ कुरणे होती आणि तेथे गुरे पोसून ती ब्रिटनला विकणारा सधन शेतकरी होता. ‘शेतकरी’ या एकाच शब्दाखाली हे दोन्ही वर्ग मोडत. पुढे पक्षाला जी अडचण आली ती या शब्दातच दडलेली होती.

१९२२ मध्ये स्वतंत्र राज्य अस्तित्वात आल्यानंतर १९२३ च्या कायद्याने भूमी आयोगास मोठ्या मालमत्ता सक्तीने घेऊन त्यांचे वाटप करण्याचे अधिकार मिळाले. १९२६ मध्ये डी व्हॅलेरा यांनी स्थापन केलेला फियाना फॉइल पक्ष छोट्या शेतकऱ्याचा कैवारी म्हणूनच पुढे आला. १९३२ मध्ये सत्तेवर येताच त्याने ब्रिटनला जाणारे जमिनीचे हप्ते रोखले. ब्रिटनने प्रत्युत्तरादाखल आयरिश गुरांवर जबर कर लादला. १९३२ ते १९३८ या काळातील या ‘आर्थिक युद्धा’त गुरांचे भाव इतके कोसळले की सरकारने वासरे मारून त्यांच्या कातड्यासाठी पैसे देण्याची योजना आणली. १९३३ च्या कायद्याने शेतकऱ्याचा हप्ता निम्म्यावर आला हे खरे, पण विकावयाच्या वासराला किंमतच उरली नाही. १९३८ च्या करारानुसार एक कोटी पौंड एकरकमी देऊन हा वाद मिटला. मात्र तोपर्यंत जमीनवाटपाचा प्रारंभीचा वेग मंदावला होता आणि सरकारचे लक्ष संरक्षित उद्योगांकडे वळले होते. ज्यांनी आशेने मते दिली त्यांच्यातच नाराजी साचत गेली. डॉनेलन यांच्या राजकारणाचा उगम या निराशेत आहे.

पक्षाची स्थापना व १९४३ ची निवडणूक

डॉनेलन स्वतः शेतकरी होते. याशिवाय गॉलवेमध्ये त्यांची आणखी एक ओळख होती. गेलिक फुटबॉल या देशी खेळात १९२५ चे अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळविणाऱ्या गॉलवे संघाचे ते खेळाडू होते. ग्रामीण आयर्लंडमध्ये हा खेळ म्हणजे केवळ करमणूक नव्हे. गावाचा संघ धर्मग्रामाच्या नावाने खेळतो, काउंटीचा संघ काउंटीच्या रंगात खेळतो आणि चांगल्या खेळाडूचे नाव घरोघरी माहीत असते. राजकारणात उतरणाऱ्या माणसाला जी ओळख वर्षानुवर्षे कष्टाने कमवावी लागते ती डॉनेलन यांना मैदानावरच मिळाली होती. आयरिश राजकारणाच्या अभ्यासात या घटकाची दखल बहुधा ओझरतीच घेतली जाते, हे योग्य नव्हे.

१९३९ मध्ये गॉलवे काउंटीतील ॲथेनराय येथे क्लॅन ना तालवनची स्थापना झाली. छोट्या शेतांना पुरेशी जमीन, दलदलीच्या जमिनींचा निचरा, शेतमालास न्याय्य भाव आणि शेतजमिनीवरील स्थानिक करात सवलत या मागण्या पुढे आल्या. यांपैकी पहिल्या दोन पश्चिमेकडील गरीब शेतकऱ्याच्या होत्या, तर करसवलतीची मागणी प्रामुख्याने पूर्व व दक्षिणेकडील मोठ्या शेतकऱ्याची. कारण ज्याची जमीन अधिक त्याचा कर अधिक. दोघांना एकत्र ठेवणारा धागा आर्थिक कार्यक्रमाचा नसून रोषाचा होता. डब्लिनमधील राजकारणी आणि नोकरशाही शेतकऱ्याच्या जिवावर जगते, हा विचार डॉनेलन सभासभांतून मांडत. टोनी वार्ली व पीटर मोझर या अभ्यासकांनी या पक्षाचा उल्लेख आयर्लंडचा शेवटचा शेतकरी पक्ष असा केला आहे. १९२० च्या दशकातील फार्मर्स पार्टी ही सधन शेतकऱ्यांची होती. कॉनॉटमधील अल्पभूधारकाच्या मनातले बोलणारा हा पहिलाच पक्ष, हेही त्याबरोबर नमूद करणे आवश्यक आहे.

दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ राहिला. परंतु आयात थांबल्याने सक्तीची नांगरट, रेशनिंग आणि भावनियंत्रण आले. या पार्श्वभूमीवर जून १९४३ मध्ये झालेल्या निवडणुकीत क्लॅन ना तालवनने १३८ पैकी १० जागा मिळविल्या. फियाना फॉइल ६७ वर थांबला व त्याचे बहुमत गेले. डॉनेलन पूर्व गॉलवेमधून डॉइल या कनिष्ठ सभागृहात प्रथमच निवडून आले. चार वर्षांच्या पक्षाचे हे यश लहान नव्हते.

ते टिकले मात्र नाही. मे १९४४ मध्ये वाहतूक विधेयकावर सरकारचा एका मताने पराभव होताच डी व्हॅलेरा यांनी पुन्हा निवडणूक घेतली आणि ७६ जागांसह स्पष्ट बहुमत मिळविले. क्लॅन ना तालवनला ९ जागा मिळाल्या. त्याच वर्षी डॉनेलन यांनी नेतेपद सोडले आणि दक्षिण मेयोचे जोसेफ ब्लोविक हे पक्षाचे नेते झाले. ब्लोविक हे मवाळ व समझोत्यास अनुकूल असे गृहस्थ होते. डॉनेलन पक्षात व सभागृहात कायम राहिले.

सत्तेतील सहभाग : नद्या, नाले आणि निचरा

१९४८ च्या निवडणुकीत फियाना फॉइलला १४७ पैकी ६८ जागा मिळाल्या आणि सोळा वर्षांनंतर प्रथमच त्याला विरोधी बाकांवर बसावे लागले. फिन गेलचे जॉन कॉस्टेलो यांच्या पंतप्रधानपदाखाली जे आंतरपक्षीय सरकार बनले त्यात फिन गेल, दोन मजूर पक्ष, क्लॅन ना पोब्लाख्ता, क्लॅन ना तालवन आणि अपक्ष सदस्य होते. क्लॅन ना तालवनचे सदस्य होते ७. ब्लोविक यांना भूमी खाते मिळाले. डॉनेलन हे अर्थमंत्र्यांचे संसदीय सचिव झाले. हे पद मंत्रिमंडळाबाहेरचे, आपल्याकडील राज्यमंत्र्याच्या जवळपासचे. १९५१ पर्यंत आणि पुन्हा दुसऱ्या आंतरपक्षीय सरकारात १९५४ ते १९५७ या काळात ते या पदावर होते.

पद दुय्यम असले तरी त्याच्या अखत्यारीत सार्वजनिक बांधकाम कार्यालय येत असे आणि नद्यांच्या निचऱ्याचे काम या कार्यालयाकडे होते. पूर्व गॉलवेमध्ये निचऱ्याचा अर्थ काय होता हे समजल्याशिवाय या पदाचे महत्त्व लक्षात येणार नाही. हा प्रदेश चुनखडीचा व जवळपास सपाट आहे. नद्यांना उतार नाही. क्लेअर नदी ट्यूम शहराजवळून संथपणे वाहत जाऊन कॉरिब सरोवरास मिळते. ठिकठिकाणी ‘टर्लॉक’ नावाची सरोवरे आहेत. पावसाळी दिवसांत जमिनीखालून पाणी वर येऊन ती भरतात आणि उन्हाळ्यात त्याच भेगांतून पाणी नाहीसे होऊन तेथे गवत उगवते. ऑगस्टमध्ये पाऊस लांबला की कापून ठेवलेले गवत तरंगू लागे आणि पीटचे ढीग भिजून निकामी होत. गवत गेले म्हणजे हिवाळ्यात गुरांना चारा नाही आणि पीट गेले म्हणजे चुलीला जळण नाही. शेतकऱ्याने आपल्या बांधालगतचा चर कितीही खोल केला तरी खालची नदी तुंबलेली असेल तर पाणी जाणार कोठे? त्यामुळे निचरा हा एकट्याने सोडविण्याचा प्रश्न नव्हता. त्यासाठी राज्यसंस्थाच लागत होती.

१९४५ च्या निचरा कायद्याने याचा विचार संपूर्ण नदीखोऱ्यानुसार करण्याचे तत्त्व स्वीकारले होते. हा कायदा फियाना फॉइल सरकारचा, याचा विसर पडता कामा नये. त्याखालील पहिली योजना ब्रोस्ना नदीची, आणि तिचे काम १९४८ मध्ये सुरू झाले. कॉरिब व क्लेअर खोऱ्याचे काम १९५० च्या दशकात हाती घेण्यात आले. त्याच्या जोडीला १९४९ मध्ये कृषिमंत्री जेम्स डिलन यांची जमीन सुधारणा योजना आली. तिचे उद्दिष्ट ४० लाख एकर जमीन सुधारण्याचे होते. ब्लोविक यांच्या १९५० च्या भूमी कायद्याने भूमी आयोगास बाजारभावाने जमीन विकत घेण्याची मुभा दिली. म्हणजे पक्षाच्या मूळ मागण्यांपैकी निचरा आणि जमिनीची पुनर्रचना या दोन्ही मागण्यांना या काळात काही प्रमाणात मूर्त रूप आले. त्या सर्वांचे श्रेय क्लॅन ना तालवनला देता येणार नाही. परंतु छोट्या शेतकऱ्याचे प्रतिनिधी सरकारात असल्याने या कामांना गती मिळाली, असे मानण्यास जागा आहे.

सरकार पडण्याची कहाणीही येथे उद्बोधक ठरते. १९५१ मधील कॉस्टेलो सरकारचा अंत सामान्यतः आरोग्यमंत्री नोएल ब्राउन यांच्या माता-बालक योजनेवरील वादाशी जोडला जातो. चर्चच्या धर्माधिकाऱ्यांचा विरोध आणि एप्रिलमधील राजीनामा यांमुळे तो वाद गाजला, हे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात सरकारचे बहुमत डळमळले ते दुधाच्या दरावरून ग्रामीण सदस्यांनी पाठिंबा काढल्यामुळे. इतिहासलेखनात धर्मसत्ता आणि राजसत्ता यांच्या संघर्षाला जेवढी जागा मिळते तेवढी दुधाच्या दराला मिळत नाही.

पक्षाच्या ऱ्हासाची मीमांसा

क्लॅन ना तालवनच्या जागा १९४३ मध्ये १०, १९४४ मध्ये ९, १९४८ मध्ये ७, १९५१ मध्ये ६, १९५४ मध्ये ५, १९५७ मध्ये ३ आणि १९६१ मध्ये २ अशा उतरत गेल्या. याचे प्रचलित स्पष्टीकरण असे की, राजकारण्यांविरुद्ध ओरड करून निवडून आलेला पक्ष स्वतःच मोठ्या पक्षांच्या पंगतीला बसला आणि मतदारांचा विश्वास गमावून बसला. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, पण आकडे त्याला पुरेसा आधार देत नाहीत. १९४८ पर्यंत पक्ष सत्तेत नव्हता, तरीही तोवर त्याच्या तीन जागा गेल्या होत्या. उलट तीन वर्षे सरकारात राहिल्यानंतर १९५१ मध्ये एकच जागा कमी झाली. सत्तेतील सहभागाने ऱ्हास सुरू झाला असे म्हणण्यापेक्षा आधीच सुरू असलेला ऱ्हास त्याने थांबला नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल.

खरे कारण मतदारसंघांच्या गावांत शोधावे लागते. १९५१ ते १९६१ या दशकात देशातून निव्वळ सुमारे चार लाख लोक बाहेर गेले. एकूण लोकसंख्या तीस लाखांच्या आत असलेल्या देशाच्या दृष्टीने हा आकडा प्रचंड आहे. १९६१ च्या शिरगणतीत लोकसंख्या सुमारे २८ लाख १८ हजारांपर्यंत खाली आली. गॉलवे काउंटीत १९२६ मध्ये सुमारे १ लाख ६९ हजार माणसे होती, ती १९६१ मध्ये दीड लाखाच्या आसपास आली, तर मेयोमध्ये हीच घट १ लाख ७२ हजारांवरून सुमारे १ लाख २३ हजारांपर्यंत झाली. ज्या वर्गाच्या नावाने पक्ष स्थापन झाला होता त्या वर्गातील तरुण पिढी बर्मिंगहॅम, लंडन, मँचेस्टर येथील बांधकामांवर आणि इस्पितळांत कामाला लागली. बोटीने गेलेल्या माणसाला मत नव्हते. मागे राहिलेल्या वृद्ध मतदाराला पक्षाच्या कार्यक्रमापेक्षा पेन्शनचा अर्ज, घरदुरुस्तीचे अनुदान, नाल्याचे काम यांत मदत करणारा माणूस हवा होता. पक्षाचा मतदार त्याच्यापासून दुरावला त्याहून अधिक प्रमाणात तो देशातूनच निघून गेला.

दुसरे कारण संघटनात्मक. १९४४ मध्ये ‘माक्रा ना फेर्मा’ ही तरुण शेतकऱ्यांची संघटना, १९५० मध्ये दूध उत्पादकांची संघटना आणि १९५५ मध्ये राष्ट्रीय शेतकरी संघटना स्थापन झाली. सरकारशी भावाबाबत वाटाघाटी करण्याचे काम या दबावगटांनी घेतले. त्यांना पूर्वेकडील सधन शेतकऱ्याचे बळ मिळाले, तर गरीब शेतकऱ्याचा प्रश्न भावाचा कमी आणि जमिनीचा अधिक असल्याने तो त्यांच्या विषयपत्रिकेवर मागेच राहिला. १९३९ मध्ये एका शब्दाखाली एकत्र आलेले दोन वर्ग अशा रीतीने वेगळे झाले.

नेत्याचे टिकणे

अशा स्थितीत डॉनेलन १९४३, १९४४, १९४८, १९५१, १९५४, १९५७ आणि १९६१ या सर्व निवडणुकांत विजयी झाले. मतदारसंघाचे नाव कधी पूर्व गॉलवे होते, कधी उत्तर गॉलवे, पण माणूस तोच. याचा संबंध आयर्लंडच्या निवडणूक पद्धतीशी आहे. तेथे एकल संक्रमणीय मतपद्धतीने एका मतदारसंघातून अनेक सदस्य निवडले जातात. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो आणि बाद झालेल्या उमेदवाराची मते पुढच्या पसंतीकडे जातात. स्थानिक पातळीवर सर्वांशी बरे संबंध असणाऱ्या उमेदवारास ही पद्धत फार लाभदायक ठरते. त्यातच १९६३ च्या निवडणूक कायद्यापूर्वी मतपत्रिकेवर पक्षाचे नाव छापले जात नसे, केवळ उमेदवाराचे नाव असे. डनमोरच्या मतदारासमोर ‘डॉनेलन’ हे नाव होते. त्याखाली कोणता पक्ष हे त्याला माहीत असे, पण खूण करताना तो नावापुढेच करी.

राज्यशास्त्रज्ञ बेसिल चब यांनी १९६३ मध्ये आयरिश संसदसदस्याच्या भूमिकेवर लिहिताना दाखविले की, कायदे करण्यापेक्षा मतदारांच्या वतीने अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करणे हेच त्याचे मुख्य काम बनले आहे. चब यांचा सूर काहीसा उपरोधिक आहे. पश्चिमेकडील अल्पभूधारकाच्या दृष्टीने मात्र त्यात हसण्यासारखे काही नव्हते. ज्याचे कार्यालय दीडशे मैलांवर आणि ज्याची भाषा अर्जाच्या नमुन्याची, त्या राज्यसंस्थेशी त्याला जोडणारा दुवा तेवढाच होता. डॉनेलन यांनी तो दुवा होणे स्वीकारले. त्यातून त्यांचे आसन पक्के झाले. पण नाला खोदला गेला की श्रेय डॉनेलन यांना मिळे, क्लॅन ना तालवनला नव्हे. शेजारच्या मतदारसंघातील पक्षाच्या उमेदवाराला त्याचा काहीच उपयोग नव्हता. राजकारण्यांवरील रोषातून उभे राहिलेले नेतृत्व स्वतः एका भागाचे उत्तम राजकारणी झाले यात दांभिकता शोधण्याचे कारण नाही. गावे ओस पडत असताना जे करणे शक्य होते ते त्यांनी केले. पक्षबांधणी त्यात बसत नव्हती, हा मात्र त्यांच्या कारकिर्दीवरील वाजवी आक्षेप आहे. १९४४ नंतर त्यांनी दुसरी फळी उभी करण्याचा प्रयत्न केल्याचे दिसत नाही.

१९६१ नंतर सभागृहात क्लॅन ना तालवनचे दोघेच उरले होते, ब्लोविक आणि डॉनेलन. रविवार, २७ सप्टेंबर १९६४ रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर गॉलवे व केरी यांच्यात गेलिक फुटबॉलचा अखिल आयर्लंड अंतिम सामना होता. गॉलवेचे कर्णधार होते डॉनेलन यांचे पुत्र जॉन आणि दुसरे पुत्र पॅट हेही संघात होते. सामना सुरू असतानाच प्रेक्षागृहात बसलेल्या मायकेल डॉनेलन यांचे आकस्मिक निधन झाले. गॉलवेने सामना १५ विरुद्ध १० अशा गुणांनी जिंकला. वडील गेल्याची वार्ता जॉन यांना करंडक स्वीकारल्यानंतरच समजली.

रिक्त झालेल्या पूर्व गॉलवेच्या जागेसाठी डिसेंबर १९६४ मध्ये पोटनिवडणूक झाली. जॉन डॉनेलन उभे राहिले आणि निवडून आले, परंतु ते फिन गेलचे उमेदवार म्हणून. पुढे १९८९ पर्यंत ते सभागृहात होते. जोसेफ ब्लोविक यांनी १९६५ ची सार्वत्रिक निवडणूक लढविली नाही आणि त्याच वर्षी क्लॅन ना तालवन विसर्जित करण्यात आला. मतपत्रिकेवर पक्षांची नावे छापून झालेली आयर्लंडमधील ती पहिली सार्वत्रिक निवडणूक होती.